आगाऊ विकलेली बाग आणि उठवलेले भटजी

प्रश्न : काका, मी मिरकरवाड्याचा, अमेरिकेतल्या NBA बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्सचा फॅन, आमच्या अख्ख्या वाडीत एकटाच. २२ मे २०२५ च्या पहाटे साडेपाचला उठून इंडियानाविरुद्धची कॉन्फरन्स फायनलची (म्हणजे लीगची सेमीफायनलच) पहिली मॅच लावली, शेवटची तीनेक मिनिटं उरलेली आणि आपला १४ पॉइंटचा लीड, आईला ओरडून सांगितलं चहा टाक जिंकलो, तेवढ्यात लाईट गेली. मोबाईलवर परत लावेपर्यंत त्यांच्या हॅलिबर्टनचा बॉल रिंगवर आपटून उंच उडून आत पडलेला आणि ओव्हरटाईम चालू. हरलो, १३८-१३५. पुढे सिरीज पण गेली ४-२ ने. मग आपला कोच थिबोडोला काढलं, दुसऱ्या टीमचे चालू कोच मागत फिरले, नकार घेऊन शेवटी माईक ब्राऊनला आणलं. आणि सीझन संपल्यावरच्या सुट्टीत नवीन प्लेयर कोण, तर क्लार्कसन आणि याबुसेले! १९७३ नंतर २०२५ पर्यंत ट्रॉफी नाही आणि ही खरेदी? डोकं फिरतं हो.

उत्तर : अरे बाबा, पहिले तो चहा पी. खरेदीवरचा तुझा राग एक वर्ष उशिरा आलाय. मोठी खरेदी २०२४ मध्येच झाली. आपल्याकडे कसं, पोरीचं लग्न निघालं की बाग आगाऊ कराराने देऊन टाकतात, मग पुढे मोहोर कितीही फुटू दे, पेट्या दुसऱ्याच्या टेम्पोत. निक्सनी मिकल ब्रिजेससाठी पहिल्या राऊंडचे पाच ड्राफ्ट पिक (दरवर्षी नवीन पोरं निवडायचे हक्क) दिले, त्यातला एक २०३१ चा आहे! त्याच वर्षी टाऊन्सला आणायला आपले प्लेयर रँडल आणि डिविन्चेन्झो गेले. आता विकायला राहिलं काय?

बरं, पैसे टाकावे तर तिथेही नियम आडवा येतो. २०२५-२६ ला सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारांची मर्यादा) १५ कोटी ४६ लाख डॉलर, त्याच्या वर बऱ्याच अंतरावर 'सेकंड एप्रन' नावाची रेघ, साधारण २० कोटी ७८ लाखांवर. कॅपच्या वर जाऊन प्लेयर घ्यायच्या ज्या सवलतीतून याबुसेलेला घेतलं ना, ती वापरली की त्या सीझनपुरती ही रेघ ओलांडताच येत नाही. मालक कितीही श्रीमंत असू दे. क्लार्कसन तर किमान पगारात आला, २०२१ चा सिक्स्थ मॅन ऑफ द इयर (बेंचवरून येणाऱ्यांत सर्वोत्तम) आहे तो, म्हणजे बाजार उठता उठता सुरमई स्वस्तात मिळावी तसं झालं (ताजी आहे का ते घरी नेल्यावर कळेल). आपल्या कॅप्टन ब्रन्सनने २०२४ ला वर्षभर थांबून मिळाले असते त्यापेक्षा तब्बल ११ कोटी डॉलर कमीवर सही केली नसती तर एवढंही जमलं नसतं, त्याला तरी शिव्या घालू नकोस.

कोचचं मात्र तुझं पटलं, पण अर्धंच. थिबोडोला काढलं याचं मला वाईट वाटलं नाही. स्टार्टर्सना पिळून काढायचा माणूस तो, त्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त मिनिटं ब्रिजेसच खेळला आणि बेंचवरची पोरं नुसती टाळ्या वाजवायला. पण २००० नंतर पहिल्यांदा टीम कॉन्फरन्स फायनलला नेणाऱ्याला काढताना पुढचा ठरलेला नको? चतुर्थीच्या सकाळी आपल्या भटजींना पाटावरून उठवायचं आणि मग शेजारच्या घरी पूजा सांगत असलेल्यांना 'येता काय' विचारायला जायचं, कोण सोडेल? ब्राऊन वाईट नाही, दोनदा कोच ऑफ द इयर झालाय, २००९ आणि २०२३ ला. सॅक्रामेंटोला १६ वर्षांनी प्लेऑफ दाखवून पुढच्या दीड-दोन वर्षांत घरी बसलेला, त्यामुळे त्यालाही काहीतरी दाखवायचंच असणार.

आता एक कर. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला निक्स अबुधाबीत फिलाडेल्फियाशी दोन प्रीसीझन (सीझनआधीच्या सरावाच्या) मॅचेस खेळले, त्यांचं रेकॉर्डिंग लाव, पहाटे उठायचं काम नाही. याबुसेले फिलाडेल्फियाकडूनच आला होता, तेवढी गंमत. स्कोअर बघूच नकोस, वही घे आणि लिही, बेंचवरून पहिला कोण उठला, कितव्या मिनिटाला उठला, आणि चूक केल्यावर ब्राऊनने त्याला लगेच बसवला की खेळू दिला. ते पान मला पाठव, आणि मोबाईल आधीच चार्ज करून ठेव.