मालगुजारीच्या कागदातलं सोनं

प्रश्न : भंडारा जिल्ह्यात आमची ११ एकर धानाची शेती आहे. तीन वर्षांपूर्वी वडील गेले. सातबारावर आई, मी आणि दोन भाऊ अशी चौघांची नावं आहेत. पणजोबा मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारे गावमालक होते. त्या काळचा वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावातल्या वहिवाटी आणि हक्कांची नोंद, अजून घरी आहे. दिवाळीनंतर एक माणूस आला. हा कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीसारखाच ग्रीनस्टोनचा, म्हणजे हिरव्या खडकाचा पट्टा आहे, खाली सोनं आहे, असं सांगून त्याने धाकट्या भावाकडून पाचशेच्या मुद्रांकावर ९९ वर्षांचा 'खनिज हक्क करारनामा' आणि एक मुखत्यारपत्र नोटरीसमोर करून घेतलं. दीड लाख रुपये रोख दिले. मग जेसीबी आणून बोडीजवळ (शेतातल्या छोट्या तळ्याजवळ) दोन खड्डे खणले आणि ट्रॉलीभर चमकदार दगड नेले. आता तलाठ्याने पंचनामा केला आहे आणि तहसीलदारांची नोटीस आली आहे. तो माणूस म्हणतो, 'सर्वोच्च न्यायालयाने खनिज जमीनमालकाचंच ठरवलं आहे, घाबरू नका.' सोनं खरंच आमचं आहे का? करार मोडता येईल का? भावाला तुरुंगवास होईल का?

उत्तर : ताई, आधी नोटिशीवरची तारीख बघा. सुनावणी चार दिवसांवर आली असेल तर बाकीचं नंतर वाचा; उद्याच तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पंचनाम्याची नक्कल मागा, उत्तरासाठी मुदत मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नोटिशीला उत्तर न देणं ही अशा प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. उत्तर आलं नाही की तहसीलदार समोर असलेल्या कागदांवर आदेश करतात, आणि समोर असतो तो फक्त पंचनामा.

आता तुमचा मूळ प्रश्न. सोनं तुमचं नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण तुमचं पुढचं प्रत्येक पाऊल याच उत्तरावर उभं आहे, म्हणून ते का नाही हे नीट सांगते.

तो माणूस ज्या निकालाचा हवाला देतो, तो निकाल खरा आहे. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या मलबार भागातल्या जन्मी, म्हणजे परंपरागत पूर्ण मालकीच्या जमिनींच्या प्रकरणात सांगितलं की, जमिनीखालच्या खनिजावरची मालकी सर्वसाधारणपणे जमिनीच्या मालकीबरोबर जाते. पण त्याच निकालात पुढचं वाक्य आहे, आणि ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलेलं दिसत नाही : कायदेशीर प्रक्रियेने ती मालकी काढून घेतलेली नसेल तर. आपल्याकडे ती काढून घेतलेली आहे, तीही दोनदा.

पहिल्यांदा तुमच्या पणजोबांच्या हातून. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. या कायद्याचं चौथं कलम काय काय गेलं ते मोजून सांगतं : गवताची राने, जंगल, झाडं, तळी, पायवाटा, गावठाण, हाटबाजार, आणि पोटातली खनिजं, मग ती काढली जात असोत किंवा नसोत. ज्या कायद्याने तुमच्याकडचे तलाव जाऊन आज ते 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात, त्याच कायद्याने खाणीही गेल्या. वाजिब-उल-अर्ज जपून ठेवा. वहिवाट, पाण्याचे हक्क, रस्ते यांच्या वादात तो आजही मोलाचा पुरावा असतो. पण खनिजासाठी त्याचा उपयोग नाही. मालगुजारीच्या काळातही, वेगळं लिहून दिलेलं नसेल तर खनिजावरचा हक्क सरकार स्वतःकडेच ठेवत असे.

दुसऱ्यांदा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ ने. राज्यात कुठेही सापडणाऱ्या खनिजांवरचा हक्क राज्य सरकारकडे राहील, असं हे कलम सांगतं. तुम्ही भोगवटादार वर्ग १ आहात, म्हणजे जमीन कसण्याचा, विकण्याचा, मुलांना देण्याचा पूर्ण हक्क तुमचा. खालच्या खडकातल्या सोन्याचा नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण गावात या दोन्हींची नेहमी गल्लत होते. नांगराच्या फाळाला मोहरांचा हंडा लागला तर तो वेगळा विषय. माणसाने पुरून ठेवलेल्या अशा ऐवजाला १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि सापडणाऱ्यालाही त्यात वाटा मिळू शकतो. खडकात निसर्गतः असलेलं सोनं हे खनिज. त्याला खनिज कायदा.

तो खनिज कायदा म्हणजे खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७. त्याचं कलम ४ म्हणतं, परवान्याशिवाय कोणीही खनिजाचा शोधसुद्धा घेऊ शकत नाही; खाणकाम तर लांबच. समजा खनिज तुमच्या मालकीचं असतं, तरी हे कलम तुम्हालाही लागलंच असतं. परवान्यातून सूट आहे ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, मिनरल एक्सप्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड ही सरकारी कंपनी आणि अधिसूचनेने नेमलेल्या संस्थांना. बाकी सगळ्यांना परवाना मिळतो तो सरकारने केलेल्या लिलावातून. २०१५ पासून हीच पद्धत आहे. २०२३ च्या दुरुस्तीने सोन्यासह खोलवरच्या २९ खनिजांसाठी वेगळा अन्वेषण परवाना आला, तोही लिलावानेच. शेतकऱ्याने नोटरीकडे जाऊन सही करून द्यायची अशी जागाच या कायद्यात नाही. कलम १९ म्हणतं, कायदा मोडून दिलेला कुठलाही परवाना किंवा पट्टा शून्यवत.

त्यामुळे तुमच्या भावाचा करार तीन ठिकाणी लंगडा आहे. जो हक्क भावाकडे नाही तो त्याने दिला. ९९ वर्षांचा पट्टा नोंदणीशिवाय केला, आणि नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून मोठ्या मुदतीच्या पट्ट्याला नोंदणी लागतेच. आणि चौघांच्या सामाईक जमिनीवर एकट्याने सही केली. सहहिस्सेदार फार तर स्वतःच्या हिश्शापुरता बोलू शकतो. तुमचा हिस्सा भावांइतकाच आहे. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर त्यावर वाद उरलेला नाही.

मला कराराची भीती वाटत नाही, मुखत्यारपत्राची वाटते. त्याची प्रत आजच मिळवा आणि ओळन् ओळ वाचा. 'खनिज' या शब्दाच्या आडून त्यात जमीन गहाण टाकणं, विकणं, हिस्से पाडून घेणं असे अधिकार लिहिलेले असतात, आणि मग सोन्याची गोष्ट बाजूला पडून जमिनीच्या व्यवहाराचे कागद फिरू लागतात. भावाने वकिलामार्फत मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस पोचपावतीसह पाठवावी, जिल्ह्यात खपणाऱ्या दैनिकात जाहीर नोटीस द्यावी, आणि दुय्यम निबंधकांकडे नोंद झालेली असेल तर रद्दपत्रही नोंदवावं. समोरचा म्हणेल, मोबदला दिलाय म्हणून हे रद्द होत नाही. मोबदला बेकायदा हेतूसाठी होता, हे त्याचं उत्तर.

दीड लाखांचं काय? ते ठेवून घेऊ नका. करार कायद्याचं कलम ६५ सांगतं की शून्य ठरलेल्या करारातून मिळालेला लाभ परत करायचा असतो. दोघांनाही बेकायदेशीरपणा माहीत होता असं ठरलं तर समोरच्याला ते पैसे मागताच येणार नाहीत, असाही युक्तिवाद आहे, आणि तो पोकळ नाही. तरी मी परत करायलाच सांगेन : बँकेतून, नोटिशीत तसा उल्लेख करून. उद्या तहसीलदारांसमोर किंवा पोलिसांसमोर 'पैसे घेतले आणि गप्प बसला' हे वाक्य भावाविरुद्ध जाता कामा नये.

आता नोटिशीचं उत्तर. महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बेकायदा उत्खननासाठी खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जेसीबी-ट्रॅक्टर जप्त होऊ शकतात. म्हणजे सगळा प्रश्न 'कुठलं खनिज आणि किती' यावर येतो. उत्तरात खरं ते सगळं लिहा : खणणारा कोण, कधी आला, कुठला कागद दाखवला. कराराची प्रत स्वतःहून जोडा. लपवलेला कागद बाहेर आला की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. पण त्या दगडांना तुम्ही सोनं म्हणू नका. कोणीही ते तपासलेले नाहीत. खड्ड्यांची लांबी, रुंदी, खोली मोजून घ्या, फोटो काढा, आणि भूविज्ञान संचालनालयाकडून नमुन्याची तपासणी मागा. दंड लागलाच तर तो साध्या दगड-मुरमाच्या मूल्यावर लागावा, गावातल्या अफवेवर नाही. आदेश चुकीचा वाटला तर त्याच संहितेच्या कलम २४७ खाली वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

आणि ते चमकदार दगड? तुमच्याकडच्या साकोली पट्ट्यात फिलाइट आणि अभ्रकाचे शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांसारखे थर असलेले चमकदार खडक भरपूर आहेत. ओलसर खड्ड्यात उन्हाची तिरीप पडली की अभ्रक सोन्यासारखा दिसतो. पायराइट नावाचं खनिजही तसंच पिवळं दिसतं, पण हातोडीने फुटून त्याचा चुरा होतो. सोनं ठोकलं तर चपटं होतं.

त्या माणसाचा 'ग्रीनस्टोन म्हणजे सोनं' हा हिशेबही खोटा आहे. अडीचशे कोटी वर्षांहून जुने लाव्हाचे थर दाब आणि उष्णतेने बदलतात, त्यांत क्लोराइट, एपिडोट अशी हिरवी खनिजं तयार होतात, म्हणून त्या खडकाला हिरवा म्हणतात. कर्नाटकातले कोलार, हट्टी, गदग हे असे पट्टे. सोनं असतं ते पट्टाभर नाही, तर जिथे खडक चिरला आणि त्या चिरांतून गरम पाणी वाहून गारगोटीच्या शिरा तयार झाल्या, तिथे. तेही टनामागे काही ग्रॅम. कोलारची खाण १२० वर्षं चालली, तीन किलोमीटरहून खोल गेली, आणि २८ फेब्रुवारी २००१ ला खर्च परवडेना म्हणून बंद झाली. तुमच्याकडचा साकोली पट्टा कोलारहून वयाने लहान आणि घडणीने वेगळा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे सोन्याचा शोध घेतलेला आहे, त्यामुळे गावात कधी तरी ड्रिल मशीन आलेलं तुम्ही पाहिलंही असेल. पण सापडलेल्या खुणेपासून चालू खाणीपर्यंत फारच थोड्या जागा पोचतात. ज्याला त्याचा अंदाज घ्यायचा असतो तो नळीसारखे खडकाचे गाभे काढून प्रयोगशाळेत तपासतो, बोडीच्या काठी जेसीबी लावत नाही.

भावाच्या तुरुंगवासाबद्दल खोटा धीर देणार नाही. खनिज कायद्याच्या कलम २१ मध्ये विनापरवाना कामासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी ५ लाखांपर्यंत दंड आहे. मात्र त्या कायद्याखाली न्यायालय प्रकरण हाती घेतं ते अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच, आणि कलम २३अ मध्ये तडजोडीची सोय आहे. खणणारा दुसराच आहे. म्हणून भावाने स्वतः पोलिसांत जाऊन फसवणुकीची तक्रार द्यावी, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, आणि ती नोटिशीच्या उत्तराआधी द्यावी. कोण आधी बोललं याला अशा प्रकरणांत फार वजन असतं.

उद्या खरोखर लिलाव होऊन कोणी परवानाधारक आला तर? त्याला खनिज कायद्याच्या कलम २४अ खाली तुमच्या शेतात शिरण्याचा हक्क असेल, पण घराला लागून असलेल्या कुंपणाच्या अंगणात किंवा बागेत तुमच्या संमतीशिवाय शिरायचं तर सात दिवसांची लेखी सूचना द्यावी लागेल, आणि पृष्ठभागाच्या नुकसानीची भरपाई त्याच्यावर बंधनकारक आहे. शेतजमिनीची ही वार्षिक भरपाई तशाच जमिनीच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नावर ठरते. म्हणून यंदापासून ई-पीक पाहणी चुकवू नका, धान खरेदी केंद्राच्या पावत्या जपा, बोडी, बांध, आंबा, मोह सगळ्याची नोंद ठेवा. सोन्यावरची रॉयल्टी ४ टक्के आहे आणि ती राज्याला जाते, तुम्हाला नाही; तुमचा पैसा या पावत्यांत आहे. जमीन विकायची घाईही करू नका. सोन्याच्या अफवेवर चढा भाव देणारा गिऱ्हाईक मला अजून दिसलेला नाही. अफवेची भीती घालून स्वस्तात उचलणारे दिसले आहेत.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय, राज्याचं खनिकर्म संचालनालय आणि मिनरल एक्सप्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड, तिन्ही नागपुरातच आहेत. तुमच्या गट क्रमांकावर कोणाला परवाना दिला आहे का, हे माहिती अधिकारात संचालनालयाला विचारा. उत्तर 'नाही' असं आलं की तो कागद पोलीस तक्रारीला जोडा. आणि पंचनाम्याची नक्कल हातात आली की तिची आणि मुखत्यारपत्राची प्रत मला पाठवा. नोटिशीच्या उत्तराचा मसुदा मी त्यावरूनच करून देईन.