सेफ्टी रेझरने (सुटं दुधारी ब्लेड घालायच्या जुन्या पद्धतीच्या रेझरने) दाढी करायला सुरुवात कशी करावी? कार्ट्रिजपेक्षा (पात्यांचं अख्खं डोकंच बदलायच्या रेझरपेक्षा) वेळ आणि पाणी जास्त लागतं म्हणतात, ते खरं का?

वेळ थोडा जास्त लागतो, मान्य. पण पाणी जास्त लागतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? बहुधा आमच्या दाजींनीच.

मी लातूरचा. एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं ठाक, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलेलं. पहिल्या खेपेला ५० हजार लिटरच्या १० वाघिणी. लोक त्या गाडीचे फोटो काढत होते, आमच्या घरात मात्र अजून टँकरचीच वाट. बादल्यांना नावं पडली होती : ही भांड्यांची, ही आंघोळीची, ही संडासाची. त्यात चुलत भावाचं लग्न निघालं आणि पुण्याहून ताई-दाजी आले.

सकाळी दाजींनी पाच पात्यांचं कार्ट्रिज काढलं. गालावर तीन दिवसांची खुंटं, वर फेस. दोन हात मारले की पात्यांमधल्या फटी गच्च. ते धारेखाली धरावं लागतं, आणि आमच्या नळाला धार कुठली? मग तांब्यामागून तांब्या. मी मोजले, अकरा. आंघोळीची बादली अर्ध्यावर आली. जावई माणूस, आई काय बोलणार? उंबऱ्यात उभी राहून नुसती बादलीकडं बघत होती.

त्याच मोरीत आमचे अण्णा रोज एका स्टीलच्या वाटीत दाढी उरकायचे. दुधारी ब्लेडला एका बाजूला एकच धार, अडकायला जागाच नाही. वाटीत हिसडलं की साफ. शेवटी दांडा फिरवून तिन्ही भाग सुटे केले की उरलंसुरलंही निघतं.

मी म्हटलं, "दाजी, अण्णांचा रेझर घ्या की. वाटीभर पाण्यात होतंय."

"ते म्हाताऱ्यांचं काम. लग्नात काय गळा कापून घेऊन येऊ?"

मला राग आला. मीच करून दाखवतो म्हणून बसलो. खरं सांगायचं तर तोवर मी त्या रेझरला हातही लावला नव्हता, कॉलेजपासून कार्ट्रिजच. गाल नीट झाला. हनुवटीखाली आलो आणि सवयीनं दाबलं. गळ्यावर तीन चिरा. तुरटी लावून थयथयाट केला, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला डाग घेऊन लग्नात फिरलो. अल्बममध्ये आहे तो फोटो. दाजी दर दिवाळीला काढतात.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या फोटोत आहे : दाबू नका. कार्ट्रिज दाबलं तरी चालून जातं, याला रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. ब्लेडवरचं टोपण गालाला टेकवा, दांडा आडवा ठेवा, मग हळूहळू खाली आणत जा. केस कापल्याची खरखर ऐकू आली की तिथंच थांबा, साधारण ३० अंशांचा कोन होतो. हात आखूड मारा. बाजूला सरकवलं की कापलंच. गळ्यावरचे केस भलत्याच दिशेनं उगवतात, आधी बोटं फिरवून बघा आणि पहिला महिना उलटा, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध, हात मारूच नका.

रेझर कोणता? साधा, तीन भागांचा, बंद कडेचा (ब्लेडखालच्या पट्टीला उघडे दाते नसलेला), जरा वजनदार. लाकडी पेटीतले महागडे सेट बघत बसू नका. ब्लेड दोन-तीन जातींची एकेक पुडी आणा, जे मानवेल ते धरा. मला एक ब्लेड पाच-सहा दाढ्यांना पुरतं. चांगल्या एका कार्ट्रिजच्या पैशात वर्षाची ब्लेडं निघतात.

आपल्याकडं बोअरचं पाणी जड, साबणाला फेस धरत नाही. अण्णा त्या दुष्काळातही ब्रश भिजवायला पिण्याच्या पाण्यातले दोन घोट घ्यायचे, तेही कोमट करून. आई कुरकुरायची, पण फेस यायचा. इथं कंजुषी केली तर बाकीचं सगळं फुकट.

आणि 'जुनाट' म्हणणाऱ्यांना एक सांगा. याचं पेटंट १९०४ चं आहे, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या शिपायांना हाच रेझर वाटला होता. खंदकात नळ नव्हते. हे मी दाजींना दोनदा सांगितलंय, ते विषय बदलतात.

राहिलंच. गालावर मुरमं, गजकर्ण असेल, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्याचं वापरलेलं ब्लेड घेऊ नका, घरातल्याचंही. काही काविळी रक्तातून पसरतात. मी त्या दिवशी अण्णांचंच ब्लेड वापरलं होतं, तो शुद्ध गाढवपणा. विमानात हातातल्या बॅगेत सुटं ब्लेड नेता येत नाही, तेव्हा प्रवासाला कार्ट्रिज बरं. एवढं दाजींचं खरं.

जुनी ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागतात, गाई तोंड घालतात. आमच्याकडं पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा आहे, वर चीर पाडलेली. दाजी येणार असले की आई तो फडताळात मागं सरकवते.