धडधड होते, पण ईसीजी नॉर्मल येतो

तुमच्या बहिणीचं वय ३४, महिन्यातून एक-दोनदा धडधड, १५-२० मिनिटं टिकते, दोनदा काढलेला ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल आणि निदान 'टेन्शन'. पण दोन्ही ईसीजी धडधड थांबल्यावर काढलेले आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. ईसीजीच्या नेहमीच्या कागदावर जेमतेम १० सेकंदांची नोंद असते. तेवढ्या वेळात ठोके शिस्तीत पडले, इतकंच त्यावरून कळतं. इको तर हृदयाची रचना आणि पंपिंग दाखवतो. त्यावरून लयीचा बिघाड नाही असं म्हणता येत नाही.

तिला आधी विचारा, धडधड सुरू कशी होते आणि थांबते कशी? काळजीने किंवा तापाने वाढलेले ठोके हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात. बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच खटकन बंद होणारी, एकसारख्या लयीत मिनिटाला १५० ते २२० ठोक्यांनी पळणारी धडधड असेल, तर एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणाऱ्या जलद लयीचा, संशय घ्यायचा. तेव्हा गळ्यात थडथड उडतं का? थांबल्यावर भरपूर लघवी होते का? या दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही. त्या असतील तर संशय आणखी बळावतो. घाबरायला तर कुणालाही होईल, पण आधी भीती की आधी धडधड, हे महत्त्वाचं. बायकांच्या एसव्हीटीवर पॅनिक अटॅकचा शिक्का सर्रास बसतो.

मध्येच ठोका चुकून पुढचा जोरात आपटतो, ते बहुतेक वेळा एक्टोपिक, म्हणजे वेळेआधी पडणारे जादा ठोके असतात आणि हृदय एरवी चांगलं असेल तर सहसा निरुपद्रवी. ठोक्यांना काही ताळमेळच नसेल तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत थरथर, असू शकतं. हे जास्त करून वयस्कर मंडळींत दिसतं. त्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून घरातल्या मोठ्यांपैकी कुणाची नाडी अशी लागली तर दिवस काढू नका.

पुढच्या वेळी धडधड सुरू झाली की घड्याळात वेळ बघा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मोजता येत नसेल तर ठोक्यांची लय टेबलावर टकटक करून मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा, डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अनियमित लयीत चुकीचा आकडा दाखवू शकतो. ईसीजीवालं घड्याळ असेल तर ३० सेकंदांची पट्टी काढून पीडीएफ ठेवा. नाहीतर जवळच्या दवाखान्यात जाऊन 'आधी ईसीजी काढा' म्हणा. इंजेक्शन देऊन थांबवणार असतील तर त्या वेळीही पट्टी चालू ठेवायला सांगा. लय मोडतानाच्या नोंदीवरून बऱ्याचदा निदान होतं.

धडधडीत शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. पळताना किंवा व्यायाम करताना चक्कर येऊन पडणं आणि घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, या दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

होल्टरबद्दल, म्हणजे अंगावर लावून ईसीजीची सलग नोंद घेणाऱ्या छोट्या यंत्राबद्दल, तुम्ही विचारलंय. महिन्यातून दोनदा होणारी धडधड २४ तासांच्या होल्टरमध्ये सापडणं म्हणजे नशिबाचा भाग. तिच्यासाठी छातीवर चिकटवायचा १४ दिवसांचा पॅच किंवा इव्हेंट रेकॉर्डर (त्रास होईल तेव्हाची लय नोंदवणारं यंत्र) मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. तो लावून घरी पडून राहू नका, रोजची कामं करू द्या. त्रास झाला की बटण दाबायचं आणि वेळ लिहायची. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, पोटॅशियम करून घ्या. थायरॉइडच्या गोळीचा डोस, सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

जुने दोन्ही ईसीजी फेकू नका. त्यांत पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत संदेश पोचायला लागणारा वेळ) कमी आणि डेल्टा वेव्ह (जादा विद्युत मार्गाची ईसीजीवरची खूण) आहे का, हे कार्डिओलॉजिस्टला मुद्दाम बघायला सांगा. तसं असेल किंवा एसव्हीटी पकडली गेली, तर पुढचा माणूस इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, म्हणजे हृदयाच्या लयीचा तज्ज्ञ. त्यांच्याकडे ईपी स्टडी (हृदयात तारा नेऊन विद्युत मार्गांची तपासणी) आणि ॲब्लेशन (बिघडलेला मार्ग जाळून किंवा गोठवून बंद करणं) होतं, आणि अशा एसव्हीटीत ते बहुतेकांना कायमचं बरं करतं. ईसीजीचा कागद बऱ्याचदा थर्मल असतो, प्लॅस्टिकच्या फायलीत आणि उन्हात अक्षरं उडतात. आजच सरळ उजेडात, सगळ्या चौकटी दिसतील असा फोटो काढून ठेवा.