सोलापूरहून लेस्टरला जाताना: शाळेच्या फॉर्मात मुलाचा दमा लपवू नका

ताई, तुम्ही विचारलंत की ऑगस्टात इंग्लंडात लेस्टरला जायचंय, मुलगा दहा वर्षांचा, त्याला बाळदमा, धाकटी साडेचारची. तिथं म्हणे शाळेतच डॉक्टर असतात, मग औषधांची पिशवी न्यायची का?

मी जुळे सोलापुरातली, नऊ वर्षं इंग्लंडात आहे. ते शाळेतले डॉक्टर आधी डोक्यातून काढा. असते ती स्कूल नर्स, आणि तीही रोज शाळेत बसलेली नसते. एका पथकाकडं कितीतरी शाळा. ती सल्ला देते, शाळेशी बोलते. औषधोपचार जीपीचे, म्हणजे घराजवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचे. आपल्याकडं पोरगं खोकलं की नंबर लावायचा नि थेट बालरोगतज्ज्ञांसमोर जाऊन बसायचं. तिथं जीपीनं पाठवल्याशिवाय तो भेटत नाही. म्हणून पत्ता मिळाला की पहिल्याच आठवड्यात चौघांची नावं नोंदवा. व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरावाच लागतो, एका मुलामागं वर्षाला 776 पौंड, तेव्हा संकोच कसला? सोळाच्या आतल्यांना चिठ्ठीवरची औषधं आणि डोळ्यांची तपासणी फुकट. सरकारी यादीतल्या दंतवैद्याकडंही पैसे पडत नाहीत, फक्त तो मिळेपर्यंत दम काढावा लागतो.

आता दम्याचं. आमची चूक सांगते. शाळेच्या फॉर्मात 'काही आजार आहे का' या रकान्यात आम्ही 'नाही' लिहिलं. प्रवेश नाकारतील ही आपली सोलापुरी भीती, दुसरं काही नाही. नोव्हेंबरात थंडीत मैदानावर पीटीचा तास झाला आणि सव्वाअकराला मला फोन. दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, माझ्या पर्समध्ये, मी ऑफिसात. शाळेच्या कपाटात तातडीचा निळा पंप होता! 2014 पासून तिथल्या शाळांना तो ठेवता येतो. पण ज्याला दमा असल्याची किंवा पंप लिहून दिल्याची नोंद आहे आणि ज्याच्या पालकांची लेखी संमती आहे, त्यालाच द्यायचा असा नियम. आमच्या कागदावर तर 'नाही'. मी पंधरा मिनिटांत पोचले, तेव्हा पोरगा खुर्चीत पुढं वाकलेला, खांदे वर-खाली, आणि शेजारी बाई त्याचे श्वास मोजत बसलेल्या. आणखी बिघडलं असतं तर ॲम्ब्युलन्सच आली असती. पंप दिल्यावर कोणी मला बोललं नाही. ऑफिसातल्या बाईंनी तोच फॉर्म आणून पुढं ठेवला आणि वर पेन.

तेव्हा निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या: दमा कधीपासून, कोणतं औषध किती मात्रेत, कधी ॲडमिट करावं लागलं होतं का. औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नको, आपल्याकडचे ब्रँड तिथं कोणी ओळखत नाही. त्यावरून जीपी दम्याचा लेखी आराखडा करून देतील. त्याची एक प्रत शाळेत द्या, सोबत नाव लिहिलेला जास्तीचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी.

लसीकरणाच्या कार्डाची स्पष्ट प्रतही न्या, ते आपलं वेळापत्रक त्यांच्याशी ताडून पाहतात. शरद ऋतूत शाळेत फ्लूची लस देतात, नाकात फवारा. त्यात डुकराचं जिलेटिन असतं. घरात चालत नसेल तर संमतीपत्रावर तसं लिहा, बिनजिलेटिनचं इंजेक्शन मिळतं. रिसेप्शन म्हणजे तिथल्या शाळेचं पहिलीच्या आधीचं वर्ष, तो धाकटीचा वर्ग, आणि तिथली सहावी म्हणजे मुलाचा. नेमक्या याच दोन वर्गांत उंची-वजन घेतात. 'वजन जास्त' असं पत्र घरी आलं तर सासूबाईंना वाचून दाखवू नका.

मुलगी तिथं पहिले काही आठवडे शाळेत बोलणार नाही कदाचित. आमची दिवाळीपर्यंत गप्प होती. वर्गशिक्षिकेला लगेच सांगा, पण घरात मराठी सोडू नका. बाईंनी आमच्याकडून 'पाणी', 'शू', 'दुखतंय' हे शब्द लिहून घेतले आणि भिंतीवर लावले.

जेवण: रिसेप्शन ते दुसरीपर्यंत दुपारचं जेवण फुकट, व्हिसा कुठलाही असो. मुलाला मात्र डबा द्यावा लागेल, नाहीतर पैसे भरून शाळेचं जेवण. आणि डब्यात शेंगाचटणी बंद! बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणायला मनाई असते. कोणाला ॲलर्जी असली तर बोटाला लागलेली चटणीसुद्धा जिवावर बेतू शकते. कडक भाकरी खुशाल द्या, दह्याबरोबर. आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब जीपीला विचारून सुरू करा. आपल्या 42 अंशांच्या उन्हातून गेलेल्या पोरांना तिथं हिवाळ्यात ऊन पुरत नाही.

डॉक्टरांचं पत्र आणि पंप विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. चटणी मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून.