टॅकिस की टॅकियुरा?

प्रश्न : सर, आमच्या कुळागरात पाटाच्या कडेचा ओला पाचोळा उचलला की तिळाएवढे, चकचकीत तपकिरी भुंगेरे सैरावैरा पळतात. पाठीवर फिकट ठिपके आहेत. मुलीने फोटो काढून दोघा जाणकारांना दाखवला. एक म्हणाले ‘टॅकिस’, दुसरे म्हणाले ‘टॅकियुरा’. खरं कोणतं? आणि पोफळींना धोका असेल तर औषध मारू का? — एक वाचक, वाळपई

उत्तर : औषध मारू नका, हे आधी सांगतो. वर्णनावरून हे कॅराबिडी कुळातले, म्हणजे जमिनीवर राहणारे शिकारी भुंगेरे वाटतात. पोफळीच्या वाटेला ते जात नाहीत. पाचोळ्यातले माइट, बारीक किडे, अंडी यांवर त्यांचं पोट भरतं.

आता नाव. ‘टॅकिस’ म्हणजे ग्रीकमध्ये चपळ. ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, दज्याँने १८२१ मध्ये केली. तो नेपोलियनच्या फौजेतला सेनाधिकारी. पुढे दोन-तीन मिलिमीटरचं जे जे सापडलं ते बहुतेक तिच्यातच जमा होत गेलं. रशियन सैन्यातल्या मोचुल्स्कीने १८६२ मध्ये टॅकियुरा वेगळी काढली, पण ती सगळ्यांनी लगेच मानली नाही. आपल्याकडे वनखात्यात नोकरी केलेल्या अँड्र्यूजने १९२५ मध्ये पौर्वात्य टॅकिसचा मोठा आढावा घेतला. आज टॅकियुरात असलेल्या कितीतरी जाती त्यात टॅकिस म्हणूनच आहेत. तेव्हा तुमच्या दोघा जाणकारांपैकी एकाने जुनं पुस्तक उघडलं असेल, दुसऱ्याने नवं.

(वर्तमानपत्रं प्रत्येक जातीलाच प्रजाती म्हणतात आणि अशा प्रश्नांत सगळा घोळ होतो. मला ते फार खुपतं.)

पाठीच्या ठिपक्यांवरून मात्र काही ठरवू नका. या गटाची पहिली खूण तोंडाशी असते : जबड्यालगतच्या स्पृशेचं (अन्न चाचपायच्या बारक्या अवयवाचं, डोक्यावरच्या मिशीचं नव्हे) शेवटचं पेर सुईसारखं बारीक. मग पुढच्या पायाची नडगी टोकाशी बाहेरून तिरपी छाटल्यासारखी दिसते, आणि पंखकवचाच्या मधल्या सांध्यालगतची रेघ शेपटाकडे जाऊन मागे वळते. ती किती लांब वळते, हनुवटीवर दोन खळगे आहेत की नाहीत, हे पाहून प्रजाती ठरवतात. हनुवटी पोटाच्या बाजूला. वरून काढलेल्या फोटोत ती येणारच नाही. मीही मांडवीकाठी वेचलेल्या एका डबीवर नुसतं ‘टॅकिस’ लिहून ठेवलं होतं. वीस वर्षांनी एकेक उलटा करून पाहिला, तेव्हा तीन चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या.

मुलीला सांगा, दोन-तीनच भुंगेरे सत्तर टक्के अल्कोहोलात ठेव. फेणी चालणार नाही, तिचा जोर कमी पडतो. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी : तारीख, गाव, ‘पाटाची कड, ओला पाचोळा’. मग डबी माझ्याकडे पाठवा. सूक्ष्मदर्शकाखाली उलटा करून बघतो आणि पुढच्या अंकात नाव कळवतो.