वाचते, पण डोक्यात राहत नाही

मी समुपदेशक आहे. नोकरी सांभाळून ऑनलाइन मास्टर्स करणाऱ्या वकिलांकडून एकच तक्रार सतत कानावर येते. "मॅडम, रोज वाचते, पण काही डोक्यात राहत नाही. वय झालं बहुतेक. सोडून देऊ का?" युरोपियन युनियनचा कायदा शिकणाऱ्यांकडून तर हमखास. जीडीपीआर, म्हणजे युनियनचा डेटा संरक्षणाचा कायदा, 25 मे 2018 पासून लागू झाला, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत डेटा प्रायव्हसीचं काम आलं आणि आपल्याकडचे बरेच वकील या विषयाकडे वळले. त्यांच्यासाठी ही एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीला टेकलेली वकील, आयटी कंपनीत कंप्लायन्सला. एलएलबीला कायम पहिल्या पाचात. युरोपातल्या एका विद्यापीठाचं ऑनलाइन मास्टर्स सुरू करून दोन महिने झाले होते. खुर्चीत बसता बसता म्हणाली, "मी मठ्ठ झालेय."

"रोज किती वेळ मिळतो?"

"दोन तास. रविवारी चार."

"आणि विषय?"

"दोन घेतलेत. दहा-दहा क्रेडिटचे."

मी कागद पुढे सरकवला. युरोपातलं एक ईसीटीएस क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. दहा क्रेडिटचा विषय 250 ते 300 तासांचा. बारा आठवड्यांच्या सत्रात एका विषयाला आठवड्याचे 21 ते 25 तास लागतात, दोन विषयांना 42 ते 50. तिच्याकडे होते सोळा. बेरीज तिनेच केली आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. त्यात युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यामुळे तिथला संध्याकाळी सहाचा लाइव्ह क्लास आपल्याकडे साडेनऊऐवजी साडेदहाला सुरू होतो. दिवसभराच्या कामानंतर रात्री साडेदहाला ऐकलेलं डोक्यात राहिलं नाही, तर तो बुद्धीचा दोष कसा?

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे. घटनेपेक्षा तिच्यावर आपणच मारलेला शेरा जास्त छळतो, हे मी रोज पाहते. पण "तुम्ही हुशार आहात हो" असं म्हणून शेरा पुसला जात नाही. तो पुराव्याला लावून पाहावा लागतो. म्हणून पुढच्या भेटीला मी तिला लॅपटॉप आणायला सांगितलं. "जिथे अडता, ते पानच दाखवा."

तिने उघडला व्हॅन गेंड एन लोसचा निकाल, 5 फेब्रुवारी 1963 चा. जर्मनीतून रसायन आणणारी एक डच कंपनी. आयात शुल्क 3 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर गेलं, म्हणून तिने वाद घातला. लक्झेंबर्गचं युरोपियन न्यायालय म्हणालं, सदस्य देशांनी आपसातलं शुल्क वाढवू नये असं सांगणाऱ्या कराराच्या कलम 12 चा आधार सामान्य माणूसही आपल्या देशाच्या न्यायालयात थेट घेऊ शकतो. या विषयाचा पायाच हा.

"कलम 12 मी तीनदा वाचलं," ती म्हणाली. "शुल्काचा एक शब्द सापडत नाही. ग्राहक संरक्षणाबद्दल काहीतरी आहे. दोन रात्री गेल्या यात."

"हे कलम कोणत्या करारातलं वाचलंत?"

"युनियनच्या कार्यपद्धतीच्या. आत्ताच्या."

"आणि निकाल कधीचा?"

ती थांबली. मग स्वतःच शोधायला लागली. 1 मे 1999 ला ॲम्स्टरडॅम करार अमलात आला तेव्हा कलमांचे क्रमांक बदलले. 1 डिसेंबर 2009 ला लिस्बन करार आला तेव्हा पुन्हा बदलले. तेव्हाचं 12 आज 30 आहे. तेव्हाचं 30, म्हणजे मालाच्या मुक्त वाहतुकीचं कलम, आज 34 आहे. तेव्हाचं 177, म्हणजे देशातल्या न्यायालयाने लक्झेंबर्गला प्रश्न विचारण्याचं कलम, आज 267. जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता करारासोबतच मिळतो.

"म्हणजे दोन रात्री मी चुकीचं कलम वाचत होते," ती सावकाश म्हणाली, "आणि शिव्या डोक्याला देत होते."

त्या तासात मी धीराचं एकही वाक्य बोलले नाही, आणि ते योग्यच होतं असं मला ठामपणे वाटतं. "मला कळत नाही" याच्या जागी "मला नेमकं काय कळत नाही" हा प्रश्न तिने स्वतः ठेवला. तिथून रडणं थांबलं आणि काम सुरू झालं.

आपल्याकडे कायदा शिकलेल्यांची आणखी एक अडचण असते. आपण निकालात जिंकलं कोण ते शोधतो, भिन्नमत शोधतो. लक्झेंबर्गच्या न्यायालयात भिन्नमत छापलंच जात नाही, सर्व न्यायाधीशांचा मिळून एकच निकाल असतो. कलम 267 खाली आलेल्या प्रकरणात ते वादाचा शेवटही करत नाही. देशातल्या न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि प्रकरण परत पाठवतं. म्हणून वाचायचा क्रम बदला. आधी विचारलेला प्रश्न, मग थेट शेवटचा आदेश, मग मधले क्रमांकित परिच्छेद. महाधिवक्ते म्हणजे इथे निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणारे; त्यांचं मत लांबलचक असतं. अडलात तरच ते उघडा. वहीत चार ओळी पुरतात: वाद कोणाचा, प्रश्न काय, उत्तर काय, कारण कोणत्या परिच्छेदात.

तिने हे कॅसिस द दिजॉंवर करून पाहिलं, 1979 चा निकाल. जर्मनीत फळांच्या लिकरमध्ये किमान 25 टक्के मद्यार्क हवा होता, फ्रान्सच्या या पेयात 15 ते 20 टक्केच. एका देशात कायदेशीर बनलेला माल दुसऱ्याने सबळ कारणाशिवाय अडवू नये, हे तिने चार ओळींत लिहून आणलं. परीक्षेतली उदाहरणं सोडवायला हाच सांगाडा लागतो. व्यवहार सीमेपार जातो का? कोणत्या स्वातंत्र्याला, जसं मालाच्या मुक्त वाहतुकीच्या, अडथळा येतो? त्याला समर्थन आहे का? आणि उपाय प्रमाणात आहे का, म्हणजे घातलेलं बंधन गरजेपेक्षा जास्त तर नाही ना? बरेच गुण शेवटच्या प्रश्नावर जातात, कारण तिथे पोचेपर्यंत लिहिणाऱ्याचा वेळ संपलेला असतो.

दुसरा विषय तिने पुढच्या सत्रात ढकलला. विद्यापीठाला ईमेल लिहायला दहा मिनिटं लागली, मनाची तयारी व्हायला तीन आठवडे.

प्रवेशाआधी एवढं मात्र तपासा. या पदवीने युरोपात वकिलीची सनद मिळत नाही, प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. भारतात शिकवण्यासाठी ती चालावी असं वाटत असेल, तर फी भरण्याआधी बार कौन्सिल आणि संबंधित विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्या.