केंब्रिजच्या सेल्विन कॉलेजला कोणाचं नाव आहे?

जॉर्ज ऑगस्टस सेल्विन यांचं. हे न्यूझीलंडचे पहिले अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे) बिशप. १८४१ साली नेमणूक झाली आणि तिकडे जातानाच, बोटीवर, ते माओरी भाषा शिकले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो प्रामुख्याने यासाठी: ज्यांच्यात राहायचं त्यांची भाषा आधी शिकायची! त्यांच्या नेमणुकीच्या सनदेत त्यांच्या क्षेत्राची उत्तरेकडची हद्द ३४ अंश दक्षिण अक्षांशाऐवजी ३४ अंश उत्तर अशी पडली, असं सांगतात; म्हणजे पॅसिफिकमधली कितीतरी बेटंही कागदोपत्री त्यांच्याच क्षेत्रात आली. चुकीकडे बोट दाखवून ते हात झटकून बसले नाहीत. जहाजाने थेट मेलानेशियाच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या पॅसिफिक बेटांपर्यंत फिरले.

स्वतः केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी. १८२९ मधल्या ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पहिल्या नौका शर्यतीत त्यांनी वल्हं मारलं होतं. पुढे इंग्लंडमधल्या लिचफिल्डचे बिशप झाले आणि १८७८ मध्ये वारले.

मग चाहत्यांनी वर्गणी गोळा केली आणि १८८२ मध्ये कॉलेज सुरू झालं. राहणी साधी, खर्च कमी, म्हणजे बेताच्या परिस्थितीतल्या मुलांनाही केंब्रिजला शिकता यावं, हा हेतू. प्रवेश मात्र ख्रिस्ती मुलांपुरताच होता, हेही सांगायला हवं. ती अट पुढे गेली. विद्यापीठात पूर्ण कॉलेजचा दर्जा १९५८ मध्ये मिळाला, आणि मुलींना प्रवेश १९७६ पासून.